ओढ्याकडची बाजू

शेताच्या कुंपणाचे डांब रोवायला आलेल्या माणसानं मजुरीच्या आधी विचारलं ते ओढ्याकडच्या बाजूचं. "ती बाजू किती फूट हाय, मालक?" आदल्या रात्रीच मी घरी बसून मोबाईलवरच्या नकाशात ती बाजू बोटानं टिपत टिपत मोजली होती, त्यामुळं आकडा तोंडावर होता. १०४० फूट. तो काही बोलला नाही. ओढ्याकडं बघत राहिला आणि मग म्हणाला, "एवढ्यात न्हाई भागायचं." मी बाभळीखाली उभा राहून परत मोजायला घेतलं. या वेळी नकाशा जरा मोठा केला. काल जिथं मी एक सरळ रेघ ओढली होती, तिथं ओढा शेताच्या पोटात शिरून परत बाहेर आलेला दिसला. ११६०. अजून मोठा केला, एकेका झाडाची सावली वेगळी दिसेपर्यंत, आणि काठाची प्रत्येक खोबण टिपली. १२६५. शेत तेच, ओढा तोच, मोजणारा मीच. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात बावीस वर्षं मी हिशेब लिहिलाय. एकाच गोष्टीची तीन उत्तरं आली की त्यातली दोन चुकीची असतात, असंच मी धरून चालत आलो. त्या दिवशी तिन्हीतलं एकही उत्तर चुकलेलं सापडेना.

आणि मला १९८८ सालचा उन्हाळा आठवला.

मी तेव्हा अकरा वर्षांचा. मोहोळकडचं आमचं हे साडेपाच एकर रान सीनेला जाऊन मिळणाऱ्या ओढ्याच्या कडेनं लांबट पसरलेलं. वडिलांनी त्या वर्षी पहिल्यांदा काटेरी तार घ्यायचं ठरवलं. ओढ्याकडची बाजू त्यांनी ३३ फुटी दोरीनं मोजली. ३३ बाय ३३ म्हणजे एक गुंठा, म्हणून आमच्याकडं मोजणीची दोरीही तेवढीच. एक टोक माझ्या हातात, दुसरं त्यांच्या. ३१ दोऱ्या भरल्या. त्याला तीन पदरांनी गुणून त्यांनी सोलापुरातून वजनावर तार आणली. लावायला शेजारच्या गावचा एक माणूस यायचा, आम्ही पोरं त्याला तारवाले मामा म्हणायचो. हाताला सुतळी गुंडाळलेली, तळव्यावर काट्यांचे बारीक काळे डाग. ताणकाठीनं तार ओढली की ती आधी कुरकुरायची आणि मग ताठ होऊन वाजायची. तो आवाज ऐकून तो मान हलवायचा आणि पुढच्या डांबाला जायचा. चौथ्या दिवशी संध्याकाळी तार संपली. ओढ्याच्या वरच्या अंगाचा मोठा पट्टा उघडाच राहिला. कमी पडली ती थोडीथोडकी नव्हे, तीसेक किलो.

वडिलांनी विचारलं, "तार कुठं गेली?"

"वळणानं खाल्ली, अण्णा."

"वळणं तार खाऊ लागली व्हय आता?" वडील ओरडले नाहीत, ते कधीच ओरडायचे नाहीत. पण चार माणसं उभी होती, त्यांच्यादेखत त्यांनी चोर हा शब्द उच्चारला आणि शेवटच्या दोन दिवसांची मजुरी कापली. तारवाल्या मामांनी डोक्याचा पंचा सोडला, झटकला, घडी करून खांद्यावर टाकला आणि पायवाटेनं निघून गेले. मागं वळून बघितलं नाही. त्यांची पक्कड आमच्या बांधावर राहिली होती. ती दुसऱ्या दिवशी कुणीतरी नेऊन दिली असावी, मला नक्की आठवत नाही. मात्र ते वाक्य आमच्या घरात राहिलं. डब्यातले लाडू कमी झाले, आईचा चष्मा सापडेना, किराण्याच्या पैशात दहा रुपये कमी आले, की कुणीतरी म्हणायचं, "वळणानं खाल्लं वाटतं." आम्ही सगळे हसायचो. मीही हसायचो, अगदी परवापरवापर्यंत.

मोबाईलवरचे ते तीन आकडे मी रात्री लेकीला सांगितले. ती पुण्याला इंजिनिअरिंगला आहे, सुट्टीला आली होती. तिला त्यात काही नवल वाटलं नाही. "पप्पा, याला फार जुनी गोष्ट आहे," म्हणाली आणि शेंगदाण्याच्या चटणीचं ताट बाजूला सारून सांगायला बसली. लुईस फ्राय रिचर्डसन नावाचा एक इंग्रज होता. क्वेकर पंथाचा, लढाईला कडवा विरोध असलेला; पहिल्या महायुद्धात त्यानं बंदूक धरली नाही, जखमींची गाडी चालवली. दोन देशांत युद्ध होण्याचा आणि त्यांच्या सामाईक सरहद्दीच्या लांबीचा काही संबंध आहे का, हे त्याला शोधायचं होतं. त्यासाठी तो सरहद्दींचे आकडे गोळा करायला लागला, आणि आकडेच जुळेनात. स्पेन आणि पोर्तुगाल यांच्यामधली एकच सरहद्द एका ठिकाणी ९८७ किलोमीटर छापलेली, दुसऱ्या ठिकाणी १२१४. हॉलंड आणि बेल्जियमची ३८० आणि ४४९. कुणी खोटं बोलत नव्हतं. मोजायची पट्टी लहान घेतली की ती जास्त वळणांत शिरते आणि आकडा वाढतो, एवढंच. रिचर्डसन १९५३ मध्ये वारला. त्याचं हे काम छापून आलं १९६१ मध्ये.

मी उठलो आणि ट्रंकेतून वडिलांची जुनी वही काढली. त्यांचं अक्षर बारीक, डावीकडं कललेलं. एका पानावर लिहिलं होतं, ओढा बाजू, दोरी ३१. चार पानं सोडून, लाकडाच्या हिशेबात, ओढ्याकडचे डांब १६०, अंतर ८ फूट. डांब आमच्याच बाभळीचे होते, लागतील तसे तोडलेले, म्हणून त्यांच्या संख्येकडं कुणी लक्षच दिलं नसावं. मी गुणाकार केला. ३१ गुणिले ३३, १०२३. १६० गुणिले ८, १२८०. वडिलांची पट्टी ३३ फुटांची होती, मामांची आठ फुटांची. डांब वळणावळणानं रोवायचे, तर तार वळणावळणानंच जाणार. फरक २५७ फूट, तीन पदर धरले तर पावणेआठशे. तेवढ्या तारेचं वजन तीस किलोच्या आसपास भरतं.

खरोखरच वळणानं खाल्ली होती.

त्या रात्री मला झोप लागली नाही. एकीकडं हलकं वाटत होतं, कारण वडीलही खरे होते. दोरी त्यांनी चोख धरली होती, दुसरं टोक माझ्याच हातात होतं. दुसरीकडं तो पंचा झटकल्याचा आवाज छत्तीस-सदतीस वर्षांनी पुन्हा ऐकू येत होता. दोन माणसं एकाच बांधावर उभी राहून दोन वेगळे आकडे सांगतात आणि दोघंही सचोटीची असतात, हे जर कुणी त्या संध्याकाळी सांगू शकलं असतं! सातबाऱ्यावर बघा, क्षेत्र लिहिलेलं असतं. हेक्टर, आर, सगळं. परीघ कुठंच नसतो. लेकीला हे सांगितलं तर ती म्हणाली, बरोबरच आहे, क्षेत्र बारीक मोजत गेलं की एका आकड्याला जाऊन टेकतं. कडेचं तसं होत नाही.

कड टेकत का नाही, हे तिनं मला दिव्याखाली कागदावर काढून दाखवलं, आणि गणित शिकलो नाही म्हणणाऱ्या प्रत्येकानं हे एकदा हातानं काढून बघावं असं मला मनापासून वाटतं. २७ सेंटीमीटरची सरळ रेघ. तिचे तीन सारखे भाग. मधला भाग पुसायचा आणि त्या जागी तेवढ्याच लांबीच्या दोन रेघांचा डोंगर उभा करायचा. झाले चार तुकडे, प्रत्येकी नऊचे. लांबी ३६. आता या चारही तुकड्यांवर तेच करायचं. ४८. पुन्हा, ६४. माझी पेन्सिल तिसऱ्या फेरीलाच थकली, टोक बोथट झालं, पण मनात थांबायचं कारण नाही. लांबी दर वेळी एक तृतीयांशानं वाढते, कितीही वाढते, आणि सगळं चित्र मात्र वहीच्या त्याच पानावर, त्याच चार बोटं उंचीत बसलेलं. हेल्गे फॉन कॉख या स्वीडिश गणितज्ञानं हे १९०४ मध्ये मांडलं. त्याचा कुठलाही छोटा कोपरा कापून मोठा केला की अख्खं चित्र परत दिसतं.

अशा आकारांना नाव मिळालं बऱ्याच उशिरा. बेन्वा मांडेलब्रॉट १९२४ मध्ये वॉर्साला एका ज्यू घरात जन्मला, वडील कपड्याच्या व्यापारात. पोरवयातच घर सोडून फ्रान्सला यावं लागलं, आणि पुढं अमेरिकेत आयबीएममध्ये त्यानं पस्तीस वर्षं काम केलं. रिचर्डसनचे आकडे घेऊन त्यानं १९६७ मध्ये ब्रिटनचा किनारा किती लांब, असा प्रश्न विचारणारा लेख लिहिला आणि १९७५ मध्ये फ्रॅक्टल हा शब्द घडवला, तुटलेला या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून. त्याचं मोठेपण मला असं दिसतं की लांबीचं उत्तर येत नाही म्हणून तो थांबला नाही. लांबी सांगता येत नसेल तर वाकडेपणा सांगू, म्हणाला. पट्टी एक तृतीयांश केली तर सरळ रेघेत ती तिप्पट वेळा बसते. फरशी एक तृतीयांश बाजूची घेतली तर खोलीत नऊपट लागतात. तीनाचा पहिला घात, तीनाचा दुसरा घात. म्हणून रेघेला एक मिती, जमिनीला दोन. कॉखच्या रेघेत एक तृतीयांश पट्टी चौपट वेळा बसते. चार म्हणजे तीनाचा १.२६ वा घात. म्हणजे ती रेघ एकाहून जास्त आणि दोनाहून कमी, रेघ आणि पान यांच्या मधेच कुठंतरी राहणारी. ब्रिटनचा पश्चिम किनारा भरतो १.२५. दक्षिण आफ्रिकेचा किनारा बराच गुळगुळीत, १.०२. स्पेन-पोर्तुगालची सरहद्द १.१४. लेकीनं वहीतल्या दोन आकड्यांवरून आमच्या ओढ्याचाही काढला, १.१६ च्या जवळ. दोनच मोजण्यांवर एवढा भरवसा ठेवू नये, हे तिनं तीनदा बजावलं. तरी मी तो आकडा वहीत वडिलांच्या आकड्याखाली लिहून ठेवला.

शाळेत आपण सगळ्यांनी भारताचा किनारा ७५१६ किलोमीटर असं पाठ केलंय. तो आकडा आता ११,०९८ झालाय. समुद्रानं जमीन दिली नाही, आपण जिंकलीही नाही; मुख्य कारण एवढंच की जुनी मोजणी लहान प्रमाणाच्या नकाशावरची होती आणि नवी बरीच बारकाईनं केलेली आहे. साडेतीन हजार किलोमीटर खाड्यांच्या वळणांत लपून बसले होते. पुढं अजून बारीक मोजलं तर अजून निघतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी रानात गेलो तर काळ्या मातीला उन्हाच्या भेगा पडलेल्या. वर्षानुवर्षं बघतोय मी त्या, पाय मुरगळू नये एवढ्यापुरत्या. त्या दिवशी उकिडवा बसून बघितल्या. मोठ्या भेगेत माझा पंजा मनगटापर्यंत गेला, आत मातीचा गार, ओलसर वास. तिच्यातून बोटभर रुंदीच्या निघालेल्या, त्यांच्यातून सुतासारख्या, त्यातून केसासारख्या. लेकीनं फोटो काढला आणि माझ्या धाकट्या भावाला पाठवला. त्यानं विचारलं, हे विमानातून काढलंय का, कुठली दरी आहे? फोटोत आकाराचा काही अंदाजच येत नव्हता. म्हणूनच दगडमातीचा अभ्यास करणारे फोटो काढताना शेजारी नाणं किंवा हातोडी ठेवतात. नाही ठेवली तर वीत की मैल, ते ओळखू येत नाही. ओढ्याचंही तेच. आमच्या बांधावरून पावसाचं पाणी चार बोटांच्या घळीतून ओढ्यात, ओढा सीनेत, सीना हत्तरसंग कुडलला भीमेत, भीमा पुढं कृष्णेत. घळीचा नकाशा आणि कृष्णेचा नकाशा शेजारी ठेवा, फांद्या त्याच. कुडलच्या संगमावर एका मोठ्या शिवलिंगावर साडेतीनशेहून जास्त लहान मुखं कोरलेली आहेत. लहानपणी आजोबांच्या खांद्यावर बसून ती मोजायचा प्रयत्न केल्याचं आठवतं. ते काही फ्रॅक्टल नव्हे, मुखांच्या आत पुन्हा मुखं नाहीत. पण मोठ्याच्या अंगावर तेच लहान होऊन यावं, ही ओढ कोरणाऱ्याच्या हाताला होती, आणि ती नेमकी दोन नद्यांच्या संगमावर, याचं मला फार अप्रूप वाटतं.

सोलापूरच्या माणसाला या सगळ्यात आणखी एक धागा सापडतो, अगदी शब्दशः. फ्रॅक्टल हा शब्द जन्मायच्या बारा वर्षं आधी, १९६३ मध्ये, मांडेलब्रॉटनं एक लेख लिहिला होता आणि त्यातला माल होता कापूस. कापसाचे अनेक दशकांचे भाव त्यानं तपासले. तोवरची समजूत अशी की भाव थोडाथोडा वरखाली होतो, मोठा झटका क्वचित, अपवाद म्हणून. त्याला दिसलं ते वेगळं. मोठे झटके समजुतीपेक्षा कितीतरी जास्त वेळा येतात, आणि रोजच्या चढउताराचं चित्र महिन्याच्या चढउताराच्या चित्रासारखंच असतं; खालचे आकडे झाकले तर कुठलं कुठलं ते सांगता येणार नाही. मी हे वाचलं आणि आमच्या कारखान्यातले सुताचे भाव आठवले. दर सकाळी नऊच्या सुमाराला भाव यायचा आणि मी तो लाल शाईनं लिहायचो. दोन रुपये वर, एक खाली, चार दिवस शांत, आणि मग एका दिवसात असा चढायचा की सोलापूरच्या पूर्व भागातले लहान माग आठवडाभर बंद. शेठ म्हणायचे, असं पूर्वी नव्हतं. पण जुन्या वह्यांत पूर्वीही असंच होतं. लाल आकडे मी पानापानांवर लिहिले आणि कधी जोडून बघितले नाहीत. हे कळल्यानं भाव आधी कळेल असं नाही, मांडेलब्रॉटचाही तसा दावा नव्हता. धोका किती मोठा धरून चालावं, ते कळतं. माग कर्जावर घेणाऱ्यासाठी ते काही कमी नाही.

बाकी उपयोग लेकीनं भराभर सांगितले. चित्रपटात संगणकानं काढलेले डोंगर, १९८२ पासूनचे, याच रीतीनं केलेले, त्रिकोणाचे त्रिकोण करत. मोबाईलच्या आतला अँटेना वळणावळणाचा केला की थोड्या जागेत जास्त लांबी मावते आणि एकच तुकडा वेगवेगळ्या लहरी पकडतो. मी ऐकत होतो, पण ती फुप्फुसांवर आली तेव्हा मात्र मी तिला थांबवलं.

श्वासनळीचे दोन फाटे होतात, त्या प्रत्येकाचे दोन, असं साधारण तेवीस वेळा. दोनाचा तेविसावा घात ८३,८८,६०८. चौऱ्याऐंशी लक्ष योनींच्या आकड्याजवळ आपला श्वास रोज जाऊन येतो. त्या फांद्यांना लागलेले हवेचे बारीक फुगे तीस ते पन्नास कोटी, आणि सगळं उलगडून पसरलं तर सत्तर चौरस मीटरच्या आसपास. आपली नेहमीची चादर, पाच फूट बाय साडेसात फुटांची, अशा वीस चादरी होतात. वीस सोलापुरी चादरी, छातीच्या पिंजऱ्यात घडी न दिसता घातलेल्या. हवा आणि रक्त यांची गाठ पडायला एवढी जागा लागते, आणि ती एवढ्याशा जागेत बसवायचा मार्ग म्हणजे फाटे, त्यांचे फाटे, त्यांचे फाटे.

माझे आजोबा गिरणीत कार्डिंगला, म्हणजे कापूस पिंजून विंचरायच्या खात्यात होते. भोंग्याच्या आधी उठायचे. संध्याकाळी आले की भुवयांवर, कानाच्या पाळीवर कापसाचा भुरका. आजी ओल्या फडक्यानं तो टिपायची आणि फडकं पांढरं व्हायचं. आठवड्याच्या सुट्टीनंतर पहिल्या दिवशी त्यांची छाती जास्त भरून यायची, मंगळवारी जरा मोकळी. कापसाच्या धुळीचा रोग असाच सुरू होतो, हे मला पुष्कळ नंतर कळलं. लहानपणी मला वाटायचं, तोंडातून आत गेलेली धूळ खोकल्यानं बाहेर येत असेल. ती बाहेरच्या भुवयांवर जेवढी बसलेली दिसायची, तिच्यापुढं आतल्या वीस चादरी होत्या, आणि त्यांच्यावर ओलं फडकं फिरवता येत नव्हतं. ज्या रचनेमुळं माणूस जगतो, त्याच रचनेनं धुळीलाही एवढं अंगण दिलं. शेवटच्या वर्षी ते अंगणातल्या बाजेवर बसून झोपायचे, आडवं होता यायचं नाही. त्यांच्या श्वासाचा आवाज ताणलेल्या तारेसारखा होता.

कुंपण गेल्या आठवड्यात पुरं झालं. डांबवाल्यानं विचारलं, "डांब किती फुटांवर?" आणि मी चटकन उत्तर देऊ शकलो नाही, कारण तो मला पट्टी विचारत होता आणि तार किती लागणार ते त्या पट्टीवरच ठरणार होतं. आठ म्हणालो. तार मी १३०० फुटांच्या हिशेबानं घेतली होती, थोडी उरली. त्यानं उरलेली गुंडाळून माझ्यासमोर वजनकाट्यावर घातली आणि आकडा मला मोठ्यानं वाचायला लावला. आधी कधीतरी त्यालाही कुणी काही बोललेलं असणार. तारवाल्या मामांबद्दल विचारलं तर म्हणाला, ते जाऊन बरीच वर्षं झाली, पोरं पुण्याकडं असतात.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. वही दाखवली, ३१ आणि १६०. तिला आता बारीक दिसत नाही, तिनं आकड्यांवरून नुसतं बोट फिरवलं. मला वाटलं तिला ती संध्याकाळ आठवत नसेल. ती तेव्हा घरी चुलीपुढं होती, रानात नव्हती. ती बराच वेळ गप्प बसली.

"छप्पन रुपये," आई म्हणाली. "दोन दिसाची मजुरी छप्पन रुपये व्हती. पुढच्या बाजाराला मी त्याच्या बायकोच्या हातावर ठेवले हुते. तुझ्या वडलांना न सांगता. तिनं घेतले न्हाईत."